सारे काही असूनही आनंद वाटत नाही, तेव्हा आठवडा तपासावा

नाशिकमधील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात वरिष्ठ पदावर नोकरी, पाथर्डी फाट्याजवळचे घर आता कर्जमुक्त, मुलगा पुण्यात आयटी कंपनीत, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. तक्रार करावी असे काही नाही, पण आनंदही वाटत नाही. सकारात्मक विचारांची व्याख्याने ऐकून झाली, पहाटे उठून ध्यान करून पाहिले, नवी गाडी घेतली. प्रत्येक वेळी काही दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा पहिल्यासारखेच झाले. आनंद हा माणसाच्या स्वभावातच असावा लागतो की तो जोपासता येतो, आणि येत असेल तर नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आनंद जोपासता येतो. मात्र थेट त्याचाच पाठलाग करून तो सहसा हाती लागत नाही, आणि नुसते विचार बदलण्याचा निश्चय करूनही फारसे काही होत नाही. समुपदेशनाच्या कामात इतकी वर्षे माणसांचे ऐकल्यानंतर आणि या विषयावरील संशोधन वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, माणसाचा आनंद त्याच्या आयुष्यातील मोठ्या घटनांपेक्षा त्याचा साधा, नेहमीचा आठवडा कशाने भरलेला आहे यावर अधिक अवलंबून असतो. त्या आठवड्यात कोण भेटते, लक्ष कुठे असते, शरीर किती हलते आणि स्वतःच्या इच्छेने हाती घेतलेले एखादे काम त्यात आहे की नाही, या बाबी दिसायला क्षुल्लक असतात. पण बदल करायला जागा असते ती तिथेच.

त्याआधी एक गोष्ट तपासून घेणे अत्यंत आवश्यक आहे. आनंद न वाटणे आणि नैराश्याचा आजार असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि दुसरीवर उपचार लागतात. सलग दोन आठवडे दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस निघून गेला असेल, सोबत झोप किंवा भूक बिघडली असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, थकवा, अपराधीपणा किंवा मरणाचे विचार असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि अनियंत्रित मधुमेह यांतही असाच मरगळलेपणा येतो. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता इतकी सर्रास आढळते की, पन्नाशीतील माणसाने मनाचा दोष शोधण्यापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. लगेच कोणाशी बोलण्याची गरज वाटली तर केंद्र सरकारची, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता स्वभावाच्या प्रश्नाकडे वळू. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून हे स्पष्ट झाले आहे की, माणसामाणसांतील समाधानाच्या फरकाचा एक मोठा भाग, अनेक अभ्यास एकत्र पाहता सुमारे एक तृतीयांश किंवा थोडा अधिक, अनुवंशिकतेशी जोडता येतो. काही माणसे जन्मतःच प्रसन्न वृत्तीची असतात, हे आपल्या आजी-आजोबांचे निरीक्षण खोटे नव्हते. मात्र ‘आनंदाचा ५० टक्के भाग जनुकांचा, १० टक्के परिस्थितीचा आणि ४० टक्के तुमच्या हातात’ ही जी विभागणी मोबाइलवरून सतत फिरत असते, तिच्यापासून सावध राहावे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेले ते आकडे लोकसमूहातील व्यक्तींमध्ये दिसणाऱ्या फरकांविषयीचे ढोबळ अंदाज होते. एका माणसाच्या आनंदाचे ते तुकडे नव्हते. त्यावर झालेली टीका पुढे त्या संशोधकांनीही बऱ्याच अंशी मान्य केली. परिस्थितीला केवळ १० टक्के महत्त्व आहे असे मानून बसलो, तर कांद्याचे भाव कोसळल्यावर लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपण ‘मनाने आनंदी राहा’ असा उपदेश करू लागू, आणि तो उपदेश अन्यायाचा असेल. कर्ज, बेकारी, घरातील दीर्घ आजारपण आणि हिंसा यांचा माणसाच्या सुखावर खोल परिणाम होतो. ज्याच्यावर हे ओझे आहे, त्याला आधी ते कमी करण्यासाठी मदत हवी असते. आपला प्रश्न वेगळा आहे. आपली परिस्थिती चांगली आहे, आणि ती आणखी चांगली करून आनंद वाढेल या अपेक्षेने आपण आजवर प्रयत्न केलेत.

ही अपेक्षा का फसते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठे बक्षीस लागलेले २२ लोक, तशाच वस्तीतील सर्वसामान्य लोक आणि अपघातात पक्षाघात झालेले २९ लोक यांची तुलना केली. लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आनंदी नव्हते, आणि मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद मात्र इतरांपेक्षा कमी होता. या अभ्यासाचा पुढचा भाग बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितला जातो. अपघातग्रस्त लोक इतरांइतकेच आनंदी होते, असे त्यात आढळले नव्हते. ते स्पष्टपणे कमी आनंदी होते, फक्त बाहेरच्या माणसाला वाटेल तितके दुःखी नव्हते. म्हणजे माणूस जुळवून घेतो, पण प्रत्येक गोष्टीशी सारखेच जुळवून घेत नाही.

नेमक्या कोणत्या गोष्टींची सवय होते आणि कोणत्यांची होत नाही, हे पुढील संशोधनाने बरेच उलगडले. जर्मनीत हजारो लोकांना वर्षानुवर्षे दरवर्षी तेच प्रश्न विचारून जमवलेल्या माहितीवरून रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, लग्नाच्या सुमारास वाढलेले समाधान सरासरीने काही वर्षांत पूर्वीच्या पातळीवर येते. मात्र बेकारीचा फटका पुन्हा नोकरी लागल्यावरही पूर्ण भरून निघत नाही. त्याच देशातील आणखी एका अभ्यासात असे दिसले की, कामावर जाण्यायेण्याचा प्रवास जितका लांब, तितके आयुष्याविषयीचे समाधान कमी. मोठ्या पगाराच्या किंवा मोठ्या घराच्या मोबदल्यात आपण तो प्रवास पत्करतो, पण हा मोबदला पुरेसा ठरत नाही. नवी गाडी रोज तीच असते, म्हणून काही आठवड्यांत ती दिसेनाशी होते. द्वारका चौकातील कोंडी मात्र रोज नव्याने त्रास देते, कारण ती कधी दहा मिनिटांची असते, कधी चाळीस, आणि तिच्यावर आपले काहीच नियंत्रण नसते. गाडीवर खर्च केलेल्या रकमेचा थोडासा भाग कामाच्या पाळीची वेळ बदलून घेण्यासाठी किंवा घरातील रोजची एखादी कटकट कायमची मिटवण्यासाठी वापरला असता, तर त्याचे फळ अधिक काळ टिकले असते, असे मला वाटते.

यात मेंदूच्या रचनेचाही भाग आहे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी प्राण्यांवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले की, एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर प्रत्यक्ष सुख वाटणे यांच्या मागे मेंदूतील वेगवेगळ्या यंत्रणा असतात. डोपामाइन हे मुख्यतः हव्यासाचे रसायन आहे, सुखाचे नव्हे. त्यामुळे एखाद्या गोष्टीची ओढ तीव्र राहते आणि तिच्यातून मिळणारे सुख मात्र ओसरत जाते, अशी स्थिती सहज निर्माण होऊ शकते. रात्री जेवणानंतर मोबाइल हातात घेऊन दीड तासाने तो खाली ठेवताना जे रितेपण जाणवते, त्याचा अनुभव आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. उत्पन्न वाढले की सरासरी समाधान वाढते, पण वरच्या पातळीवर तेवढ्याच वाढीसाठी कितीतरी अधिक पैसा लागतो, एवढे पुरे. आपण त्या टप्प्यावर आहात जिथे पगारातील पुढच्या वाढीपेक्षा संध्याकाळचे दोन तास अधिक मोलाचे आहेत.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म माणसांशी असलेल्या संबंधांत आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित प्रौढ जीवनाचा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. विद्यापीठातील २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले यांच्या आयुष्याचा मागोवा त्यात दशकानुदशके घेतला गेला. जॉर्ज व्हेलंट यांनी दीर्घकाळ आणि त्यांच्यानंतर रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी या अभ्यासाची धुरा सांभाळली. पन्नाशीत आपल्या नात्यांविषयी जे समाधानी होते, ते ऐंशीत अधिक निरोगी असल्याचे त्यातून दिसले. असे अभ्यास श्रीमंत देशांतील असतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून कोलकात्याचे उदाहरण देतो. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये तेथील झोपडपट्टीतील, देहविक्रय करणाऱ्या आणि पदपथावर राहणाऱ्या लोकांच्या समाधानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे एकंदर समाधान मध्यबिंदूच्या किंचित खाली होते, पण कुटुंब आणि जवळची माणसे यांच्याविषयी विचारल्यावर उत्तरे समाधानाच्या बाजूला झुकत होती. गरिबी सुसह्य असते असा याचा अर्थ मुळीच नाही. इतक्या हलाखीतही माणसाला धरून ठेवणारी गोष्ट कोणती, एवढे मात्र त्यातून कळते.

नाशिकमध्ये पन्नाशीच्या पुढील अनेक पुरुषांच्या बाबतीत मी एक गोष्ट सातत्याने पाहत आलो आहे. त्यांच्या पत्नीची भिशी असते, भजनी मंडळ असते, सोसायटीतील चार मैत्रिणींबरोबरचा संध्याकाळचा फेरा असतो. पुरुषांकडे मात्र कारखान्यातील सहकारी असतात आणि ते नाते बहुधा कामापुरतेच राहते. शाळा-महाविद्यालयातील मित्र कोणाशीही भांडण न होता, केवळ न भेटल्यामुळे दूर गेलेले असतात. मुले घरात असेपर्यंत ही पोकळी झाकलेली राहते. मुले पुण्या-मुंबईला गेली की ती एकदम उघडी पडते, आणि माणसाला वाटते की आपल्या मनातच काही बिघडले आहे. बिघाड मनात नसून आठवड्याच्या रचनेत असतो. आपल्या पत्रात एकाही मित्राचा उल्लेख नाही, हे मला ते वाचताना प्रकर्षाने जाणवले.

जवळची नाती महत्त्वाची, हे कोणीही मान्य करील. परंतु तोंडओळखीच्या माणसांचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकागो परिसरातील रेल्वे प्रवाशांपैकी काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले आणि काहींना एकटे बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला, जरी आधी विचारले असता लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. आपल्याकडे ही सोय कालपरवापर्यंत न मागता मिळत होती. भाजी, किराणा, औषधे, वीजबिल, बँक या प्रत्येक कामात चार शब्द बोलावे लागत. आता ती सारी कामे फोनवर उरकतात आणि वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ कुठे जातो, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. आठवड्यातून दोनदा तरी भाजी प्रत्यक्ष जाऊन आणावी, तीही शक्यतो एकाच ठिकाणाहून, म्हणजे ओळख वाढते.

घरातील संवादाविषयी एक निष्कर्ष मला विशेष उपयोगी वाटतो. दुःखाच्या वेळी साथ द्यावी हे आपल्या संस्कारांत आहे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून केलेल्या अभ्यासांत मात्र असे दिसले की, जवळच्या माणसाने आपली आनंदाची बातमी सांगितल्यावर आपण कसा प्रतिसाद देतो, यालाही नात्याच्या दृष्टीने फार महत्त्व असते. मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो, “बाबा, आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं.” त्यावर “बरं, पगार वाढवला का?” असे विचारणारा बाप वाईट नसतो, त्याला मुलाच्या भवितव्याची काळजी असते. “आता जबाबदारी वाढेल हो, तब्येत सांभाळ,” हेही प्रेमातूनच येते. पण दोन्ही उत्तरांनी त्या बातमीतील आनंद तिथेच संपतो, आणि हळूहळू अशा बातम्या सांगण्यासाठी येणारे फोन कमी होतात. त्याऐवजी “काय म्हणाले ते? कोणतं काम होतं? तुला कसं वाटलं?” असे दोन-तीन प्रश्न मनापासून विचारले, तर मुलगा तो प्रसंग पुन्हा जगतो आणि आपणही त्यात सहभागी होतो. पत्नीच्या बाबतीतही हेच. तिने भजनी मंडळातील काही सांगितले की दूरचित्रवाणीचा आवाज कमी करून तिच्याकडे वळावे. आपल्या घरांत कौतुक मोकळेपणाने करण्याची सवय कमी आहे, दृष्ट लागेल ही भीतीही असते; तरीही प्रयत्नाने हे जमते असा अनुभव आहे.

लक्षाचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले की, आत्ता तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामापासून भरकटलेले होते आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. सुखद विचारांत भरकटले असले तरी ते कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी नव्हते. ध्यानाचा उपयोग इथे होतो. परंतु पहाटे वीस मिनिटे ध्यान करून दिवसभर मन कारखान्याच्या चिंतेत ठेवण्यापेक्षा जेवताना जेवणाकडे आणि बोलताना समोरच्याकडे लक्ष ठेवणे, हा सराव बहुतेकांना अधिक झेपतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. या पद्धतीचा पाया नैराश्यावरील उपचारांत आहे. कृती बदलली की मनःस्थिती तिच्यामागून बदलते, या विचारावर पीटर लुइनसन यांनी १९७०च्या दशकात काम केले. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, विचार तपासून बदलण्याचा भाग वगळून केवळ दिनक्रमात अर्थपूर्ण कृती वाढवल्या, तरी रुग्णांना संपूर्ण उपचाराइतकाच फायदा होतो. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने हीच पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवीधर मानसतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या हातून राबवली. सहा ते आठ भेटींच्या त्या उपचाराचा गंभीर नैराश्यातही उपयोग झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याला नैराश्य नसेल, तरी तत्त्व तेच लागू पडते: उत्साह येण्याची वाट पाहू नये, कृती आधी करावी.

एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करावी. दर दोन तासांचा एक भाग धरून काय केले, सोबत कोण होते, आणि त्यातून किती आनंद व किती कर्तृत्वाचे समाधान मिळाले याला शून्य ते दहा असे दोन वेगवेगळे गुण द्यावेत. दोन गुण यासाठी की, माळा आवरण्यात आनंद नसेल पण समाधान असते, आणि आंबा खाण्यात याच्या उलट. डॅनियल काह्नेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचे असेच प्रसंगवार वर्णन मागवले होते. माणसांच्या सहवासातील वेळ वरच्या बाजूला आणि सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास तळाशी होता. आपल्या वहीतून काय निघेल हे मी आत्ता सांगू शकत नाही, आणि नोंद करण्याचे कारणही तेच आहे. ज्यातून सुख मिळते असे आपल्याला वाटते आणि ज्यातून ते प्रत्यक्षात मिळते, यांत मोठे अंतर असते. रात्रीचा दूरचित्रवाणीचा वेळ अनेकांच्या वहीत तीनच्या वर जात नाही, आणि गच्चीवर झाडांना पाणी घालण्याचा पाव तास सात-आठ गुण घेऊन जातो.

तिसऱ्या आठवड्यापासून बदल सुरू करावेत, आणि एका वेळी एकच. सुरुवात मी चालण्यापासून करायला सांगेन. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. आपण पाथर्डी फाट्याजवळ राहता. पांडवलेणीच्या पायऱ्या आपल्या दाराशी आहेत. आठवड्यातून तीन सकाळी ठरलेल्या वेळी तिथे जावे, कारण वेळ ठरलेली असली की तीच माणसे पुन्हा पुन्हा दिसतात, मान हलवण्यातून बोलणे सुरू होते, आणि व्यायामासोबत ती तोंडओळखही मिळते जिच्याविषयी वर लिहिले. गोल्फ क्लब मैदानावर रोज फेऱ्या मारणाऱ्या गटांत असे कितीतरी स्नेह जुळलेले दिसतात.

त्यानंतर माणसे. जुन्या मित्रांपैकी एकाला फोन करावा आणि ‘कधीतरी भेटू’ असे न म्हणता वार व वेळ ठरवावी. महिन्यातून एक रविवार, एका ठरलेल्या ठिकाणी मिसळ, इतके साधे असले तरी चालेल. ते टिकते ते त्याच्या ठरलेपणामुळे. प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागणारी भेट दोन-तीनदा पुढे ढकलली जाते आणि मग बंद होते. ज्यांना मित्रांशी एकदम जोडून घेणे अवघड वाटते, त्यांनी निमित्त असलेल्या जागी जावे. आपल्या शहरात १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, मे महिन्यात गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला आहे. तिथे विषय समोर असतो, त्यामुळे बोलायला कारण शोधावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, काहीतरी शिकावे ज्यात प्रगती दिसते आणि जे कोणी सांगितले म्हणून नव्हे तर आपल्याला हवे म्हणून निवडलेले असते. तबला, सुतारकाम, उर्दू लिपी, काहीही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या संशोधनानुसार स्वतःच्या मर्जीने वागता येणे, एखाद्या कामात हात बसणे आणि आपलेपणा लाभणे या माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा आहेत. वरिष्ठ पदावर पोहोचलेल्या माणसाच्या कामात बहुधा देखरेख उरते, स्वतःच्या हातांनी काही घडवण्याचे समाधान मागे पडते. आपण तांत्रिक क्षेत्रातले असल्याने हे आपल्याला चटकन पटेल.

कृतज्ञतेच्या वहीबद्दल बरेच बोलले जाते. तिचा उपयोग आहे, पण रोज यांत्रिकपणे तीन ओळी लिहिण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, तपशिलासह लिहिणे बरे. ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला नाही, एकदा लिहिणाऱ्यांना झाला. याहून परिणामकारक ठरली ती कृतज्ञतेची भेट. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासात, ज्यांचे आभार मानायचे राहून गेले अशा व्यक्तीला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद लगेच सर्वाधिक वाढला, जरी तो परिणाम काही महिन्यांत ओसरला. शाळेतील एखादे शिक्षक हयात असतील, तर त्यांच्याकडे जाण्यास उशीर करू नये. त्याचप्रमाणे दुसऱ्यासाठी थोडा खर्च करावा. एलिझाबेथ डन यांच्या २००८च्या प्रयोगात लहानशी रक्कम इतरांवर खर्च करायला सांगितलेले लोक ती स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा संध्याकाळी अधिक आनंदी होते, आणि रक्कम ५ डॉलर होती की २०, याने फरक पडला नाही. ज्याला मदत पोहोचते तो माणूस समोर दिसत असेल, तर उत्तम.

हे करताना ‘मला आता आनंद होतो आहे का’ असे सारखे स्वतःला विचारू नये. आयरिस मॉस यांच्या २०११च्या अभ्यासात, आनंद किती महत्त्वाचा आहे हे आधी वाचलेल्या लोकांना आनंदी प्रसंगाची चित्रफीत पाहताना इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण अपेक्षेशी तुलना सुरू झाली की निराशा पदरी येते. म्हणून गुण दिवसाअखेर एकदाच लिहावेत आणि वही मिटावी. परिणाम लगेच दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत होणारी घडनिर्मिती ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच घड होऊन दिसते, हे नाशिकच्या माणसाला वेगळे सांगायला नको. नव्या मैत्रीला, नव्या सवयीला तसाच अवधी द्यावा लागतो.

मध्ये खंड पडेल. दिवाळी, लग्नसराई, कारखान्यातील वर्षाअखेर, घरातील आजारपण यांत दोन-तीन आठवडे सहज निसटतात. तेव्हा राहिलेले भरून काढण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या सोमवारी फक्त चालणे पुन्हा सुरू करावे आणि बाकीचे त्यामागून येऊ द्यावे. पत्नीलाही हवे असल्यास तिने तिची वेगळी वही ठेवावी. एकमेकांचे गुण वाचू नयेत, मात्र रविवारी आठवड्यातील सर्वांत चांगला प्रसंग कोणता, हे एकमेकांना जरूर सांगावे. तीन महिन्यांनी पहिल्या दोन आठवड्यांची पाने काढून नव्या पानांशेजारी ठेवावीत. माणसांसोबतचे तास वाढूनही आनंदाचा रकाना सर्वत्र दोन-तीनवरच अडकलेला असेल, तर आपल्या निश्चयाला दोष न देता ती वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; इतकी तपशीलवार नोंद समोर असली की त्यांना निदान करणे पुष्कळ सोपे जाते.